दार न उघडणाऱ्या फरीदाबाई

मी जितक्या जोरात दार ठोकत होते, तितकं आत जास्त शांत होत होतं.

माझ्या हातात खलबत्त्यातला बत्ता होता. जिन्याकडून धूर येत होता. लाकडाचा नव्हे, वायर आणि प्लास्टिक जळाल्याचा, घशाला ओरखडे काढणारा. आमच्या पाचव्या मजल्यावरची माणसं खाली गेली होती. वॉचमन मघाशी वर येऊन ज्या ज्या दाराबाहेर चपला दिसल्या ते ते दार बडवून गेला होता. हे एक दार त्याने सोडलं, कारण बाहेर एकही चप्पल नव्हती. आत माझी नात सई होती, तिच्याबरोबर शिकणारी दोन पोरं होती, आणि त्यांना शिकवणाऱ्या फरीदाबाई होत्या. त्यांना माझं ठोकणं ऐकू येत होतं. ऐकू येत होतं म्हणूनच ते गप्प बसले होते. दारावर थाप पडली की श्वाससुद्धा हळू घ्यायचा, असं बाईंनीच त्यांना शिकवलं होतं.

मी निफाडकडची, चौथी शिकलेली बाई. आयुष्यात साप पाहिलेत, पूर पाहिलाय, नवऱ्याचं मरण पाहिलंय. पण त्या बंद दारापुढे उभी असताना जशी भ्यायले तशी कधी भ्यायले नव्हते.

फरीदा मुकादम रत्नागिरीकडच्या. कतारच्या दोहात, अल सद्द भागात मी मुलाकडे राहते, तिथे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे आल्या. नवे शेजारी विरजण मागायला येतात. बाईंनी विचारलं, "काकी, तुमच्या दाराच्या भिंगातून माझं दार दिसतं का?"

"दिसतं," मी म्हटलं. "पण मला मोतीबिंदू आहे."

त्यांना बरं वाटलं. तसं तोंडावरच दिसलं. मग आत येऊन बसल्या, खुर्चीच्या अगदी कडेवर, कोणी ऊठ म्हणेल म्हणून आधीच अर्ध्या उठलेल्या. उंच बाई, पण चालायच्या वाकून, छत डोक्याला लागेल अशा. डोक्यावर कायम फिकट रंगाची ओढणी, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, आणि घराची किल्ली मुठीत. किल्ली पर्समध्ये ठेवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. चहा दिला तर म्हणाल्या, "दूध नको, सुलेमानी चालेल." काळा चहा लिंबू पिळून. तो प्यायला त्यांना फार वेळ लागायचा, कारण लिफ्टचा आवाज झाला की कप खाली ठेवायच्या.

घाबरायला कारण होतं. इथे परवान्याशिवाय घरी शिकवणी घेता येत नाही. बाईंचा नवरा एका कंपनीत गोदाम सांभाळायचा. बायको पकडली गेली तर त्याची नोकरी जाईल, नोकरी गेली की दोघांना देश सोडावा लागेल, असं बाईंनी धरून ठेवलं होतं. खरंच तसं झालं असतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसावं.

शिकवायच्या काय, तर इंग्रजी. मी म्हटलं, इथली पोरं घरात मराठी बोलायला लाजतात, इंग्रजीच बोलतात, त्यांना अजून कसलं इंग्रजी शिकवता? बाई म्हणाल्या, "काकी, बोलायचं वेगळं, अभ्यासाचं वेगळं."

बाई पूर्वी काही वर्षं विलायतेत होत्या. तिथल्या एका विद्यापीठात दर उन्हाळ्यात बाहेरदेशच्या पोरांना शिकवायच्या. ज्यांचं इंग्रजी जरा कमी पडतं त्यांनी मुख्य शिक्षण सुरू व्हायच्या आधी हा कोर्स करायचा. मोठा निबंध लिहायचा, व्याख्यान ऐकून टिपणं काढायची, चारचौघांत दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं, तेही न भांडता. कोर्स पास झाला तर पुढे जायचं, नाही तर मिळालेली जागा गेली. आता तो कोर्स घरी बसूनही करता येतो, कॉम्प्युटरवर. सईला अशीच जागा मिळाली होती. लिहिण्यात थोडे मार्क कमी पडले म्हणून कोर्स गळ्यात पडला. मुऐदरला राहणारा करीम नावाचा एक इजिप्तचा पोरगा, केरळची अ‍ॅन, आणि सई, असे तिघे बाईंकडे तयारीला जायचे. शेवटची परीक्षा कॅमेऱ्यापुढे होणार होती. खुर्चीवरून उठलं की खलास.

शिकवताना बाई वेगळ्याच असायच्या. आमची सून नोकरीला जायची, मी एकटी, म्हणून बाई मला कधीकधी तिथे बसू द्यायच्या. त्या वेळी पाठ सरळ, ओढणी मागे, आवाज असा की नवरा आतल्या खोलीतून येऊन हाताने 'हळू, हळू' करायचा. मग त्यांच्या ध्यानात यायचं आणि त्या पुन्हा वाकायच्या.

त्यांचा एकच धोशा असायचा. कोण म्हणतं? पोरांनी काही लिहिलं की विचारायच्या, हे कोण म्हणतं, कुठे म्हणतं, आणि त्याला काय कळतं? एकदा सई खोकत होती. मी म्हटलं, रात्री दही खाल्लं, खोकणारच.

बाई फळ्याकडून वळल्या. "काकी, हे कोण म्हणतं?"

"माझी सासू म्हणायची."

"तुमच्या सासूने कितीजणांना दही घालून पाहिलं?"

"आम्हा चार सुनांना कधी घातलंच नाही. आल्यागेल्याला घालायची."

करीमला हिंदी थोडी समजायची, मराठी नाही. सईने त्याला हे इंग्रजीत सांगितलं तर तो टेबलावर डोकं ठेवून हसला. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "बघा, निबंधात असंच असतं. सासू म्हणाली एवढ्यावर भागत नाही. दुसरी सासू काय म्हणते तेही सांगावं लागतं." त्यानंतर कोणी पुराव्याशिवाय काही लिहिलं की पोरं एकमेकांना म्हणायची, "मदर-इन-लॉ!"

हा करीम धिप्पाड, आळशी आणि गोड. एकदा त्याने इंटरनेटवरून दोन उतारे जसेच्या तसे उचलून आपले म्हणून दिले. विलायतेत यासाठी सरळ काढून टाकतात म्हणे. बाई ओरडल्या नाहीत. त्याला माझ्यापुढे बसवलं आणि म्हणाल्या, "हे काकींना हिंदीत समजावून सांग." तो बिचारा 'वो... यानी... पानी का प्रॉब्लेम... शहर में...' असं करत राहिला. मला डुलकी लागली. जागी झाले तेव्हा बाई त्याला सांगत होत्या, "तुला समजलं असतं तर काकी जाग्या राहिल्या असत्या." मी म्हटलं, मला समजलं असतं तरी मी झोपलेच असते, जेवण झालंय. पण पोराने पुन्हा कधी उचलेगिरी केली नाही.

आता त्यांची भीती सांगते, कारण भीती सांगितल्याशिवाय बाई सांगून होत नाहीत.

पोरांनी चपला दाराबाहेर काढायच्या नाहीत. आत आणून बाल्कनीतल्या टोपलीत टाकायच्या. आमच्या बिल्डिंगमध्ये भारतीय, पाकिस्तानी, अरब, सगळ्यांच्या दारापुढे चपलांचा ढीग असतो. बाईंचंच दार कोरं. घंटीची वायर काढलेली. दाराच्या भिंगावर आतून काळी पट्टी, म्हणजे आतला उजेड दिसायला नको. दाराखालच्या फटीत जाड टॉवेल घट्ट दाबलेला, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. पडदे ओढलेले. फोन बंद करून तांदळाच्या डब्यात. पोरांनी लिफ्टने एकत्र यायचं नाही. खाली कोणी विचारलं तर वेगवेगळ्या घरांची नावं सांगायची.

एकदा पेस्ट कंट्रोलचा माणूस न सांगता आला. दार वाजलं, बाईंनी तिघांना न्हाणीघरात घातलं आणि दार उघडलं. तो बिचारा नळकांडं घेऊन स्वयंपाकघरात फवारत होता. बाई त्याच्या मागे उभ्या, चेहरा चुन्यासारखा. त्याने न्हाणीघराकडे बोट केलं तर म्हणाल्या, "नवरा आंघोळ करतोय." तेवढ्यात नवराच बाहेरून भाजी घेऊन घरात शिरला. माणसाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा न्हाणीघराकडे पाहिलं, नळकांडं उचललं आणि खाली मान घालून निघून गेला. बाईंची ही गोष्ट सईने मला सांगितली तेव्हा मी पोटभर हसले. बाईंना मात्र दोन रात्री झोप लागली नाही. अब्रू गेली म्हणून नव्हे. तो माणूस कोणाला सांगेल म्हणून.

मी एकदा सरळ विचारलं. "एवढी भीती वाटते तर शिकवता कशाला? घरी बसा, मुरंबे घाला."

त्या कपातल्या लिंबाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "नुसती बसले तर जास्त भीती वाटते, काकी."

परीक्षेच्या सरावाला बाई फार कडक. घड्याळ लावायच्या आणि सांगायच्या, समोर कॅमेरा आहे असं धरा. बाहेर काहीही होऊ दे, नजर वर नाही, बूड हलवायचं नाही. एका सरावात कोणीतरी दार वाजवलं आणि सई सवयीने अर्धी उठली. बाईंनी तिचा कागद काढून घेतला. सई रडत घरी आली.

"आजी, इट वॉज जस्ट अ मॉक! शी फेल्ड मी!"

मी तशीच समोर गेले. "पोरगी उठली तर काय आकाश कोसळलं?"

बाईंनी मला आत घेतलं, दार लावलं, टॉवेल दाबला, मग बोलल्या. विलायतेत असताना त्यांच्या हाताखाली एक मुलगी होती. हुशार. शेवटच्या परीक्षेत बाहेर कसलातरी गलका झाला, ती खिडकीशी जाऊन आली आणि मग तिची लय लागलीच नाही. थोडक्यात गेली. तिला निकाल सांगायचं काम बाईंकडे आलं. "मी तिला सांगितलं की तू आता पुढे जाऊ शकत नाहीस. आणि काकी, ती मला थँक यू म्हणाली. उभी राहून. तिला दुसरं काय म्हणायचं ते इंग्रजीत येत नव्हतं." मग म्हणाल्या, "माझी पोरं नाही उठणार."

मी घरी येऊन सईला सांगितलं, नको उठत जाऊस.

आग लागली तो शुक्रवार होता. जुम्मा आटोपून बाईंचा नवरा ओळखीच्यांकडे जेवायला गेला होता. मुलगा आणि सून सामान आणायला गेले होते. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. समोर सराव चालू होता.

अलार्म वाजला तेव्हा मीही उठले नाही. तो नेहमीच वाजायचा. कोणी मासे तळले की वाजायचा, खालच्या मजल्यावरच्या अरबी बाईने बखूर, म्हणजे त्यांचा धूप, जाळला की वाजायचा. मग बूट वाजले, दारं वाजली, आणि वॉचमनने मला हाताला धरून बाहेर काढलं. "अम्मा, यल्ला, नीचे! आग है!"

मी समोरच्या दाराकडे बोट केलं. "अंदर बच्चे हैं."

"जूता नहीं है अम्मा, उधर कोई नहीं," तो म्हणाला, आणि वरच्या मजल्यावर पळाला. त्याला तरी काय दोष देऊ? बाईंनी इतके महिने हेच तर त्याला पटवलं होतं.

मी हाताने ठोकलं. मग घरात जाऊन बत्ता आणला. धूर छताखालून सरकत येत होता, हळूहळू, घाई नसल्यासारखा. मी हाका मारल्या. अलार्मपुढे माझा आवाज कुठे लागतो? आत धूर शिरत नव्हता, कारण फटीत टॉवेल होता. बाहेरचं दिसत नव्हतं, कारण भिंगाला पट्टी होती. फोन तांदळात. घंटी नाही. बाईंनी एकेक करून सगळं बंद केलं होतं, आणि सगळं चोख चाललं होतं.

आत काय झालं ते सईने मला नंतर सांगितलं. पहिली थाप पडली तेव्हा बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि तिघं लिहीत राहिली. अलार्म नेहमीचाच वाटला. बत्त्याचे घाव पडायला लागले तेव्हा बाई उठून भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. अ‍ॅन मुक्याने रडायला लागली, पण लिहायची थांबली नाही. मग मी शिव्या द्यायला सुरुवात केली. आमच्या गावच्या, बैल अडून बसला की देतात तसल्या. सईने मान वर केली.

"इट्स आजी," ती म्हणाली.

बाईंनी तिचं मनगट धरलं. कुजबुजल्या, "त्यांना पुढे करून मागे कोणी उभं असेल."

सई म्हणते, बाईंचा हात बर्फासारखा होता आणि सुटता सुटत नव्हता. तिने तो ओढून सोडवला, धावली, टॉवेल लाथेने उडवला आणि दार उघडलं.

धूर माझ्याआधी आत गेला. मी सईच्या दोन थोबाडीत दिल्या, का ते विचारू नका. बाई माझ्या मागे बघत होत्या, पॅसेजमध्ये. मागे कोणी सरकारी माणूस नाही हे त्यांना दिसलं, आणि मी शपथेवर सांगते, धूर बघूनही त्या बाईने आधी सुटकेचा श्वास सोडला. मग मात्र त्या लगेच सावरल्या. ओढण्या, टॉवेल, हाताला लागेल ते नळाखाली भिजवून आमच्या तोंडावर बांधलं. पुढच्या जिन्यात धूर आहे, मागच्या जिन्याने जा, भिंतीला हात लावून जा, वाकून जा, सगळं त्याच फळ्यापुढच्या आवाजात. करीमने मला पाठीवर घेतलं. अ‍ॅनने त्याचा शर्ट धरला, सईने अ‍ॅनचा.

दारातून बाहेर पडताना मी मागे पाहिलं. बाई फळा पुसत होत्या.

"बाई! चला!"

"आलेच काकी. आता आत लोक येतील. हे दिसायला नको."

त्यांनी फळा भिंतीवरून काढला आणि कपाटामागे सरकवला. घडीच्या खुर्च्या मिटायला घेतल्या. टेबलावरचे पोरांचे कागद गोळा करून कपडे धुवायच्या मशीनमध्ये कोंबत होत्या. खोकत होत्या आणि कोंबत होत्या. मी करीमच्या पाठीवर बुक्के मारले, थांब म्हणून. तो थांबला नाही. बरं केलं. थांबला असता तर ती तीन कोवळी पोरं त्या धुरात माझ्यासाठी उभी राहिली असती.

मागच्या जिन्यात काही दिसत नव्हतं. सईचं खोकणं ऐकू येत होतं, त्यावरून ती आहे एवढं कळत होतं. एका वळणावर ते थांबलं. मी तिचं नाव घेतलं. उत्तर नाही. मी पुन्हा घेतलं. मग अ‍ॅन ओरडली, "शी इज हिअर, शी इज हिअर," आणि पुन्हा खोकणं सुरू झालं. तेवढा वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही.

खाली गाड्यांच्या मधे आम्हाला बसवलं. डांबर पायाला भाजत होतं, तिघं पोरं अनवाणी. मी वर बघत होते. आग तिसऱ्या मजल्यावर एका एसीत लागली होती. पाचव्या मजल्यापर्यंत ती पोचलीच नाही. धूर पोचला.

आगवाल्यांनी बाईंना खाली आणलं तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं. चाकाच्या खाटेवर होत्या. ओढणी कुठेतरी पडली होती, आणि त्यांचे केस पांढरे आहेत हे मला पहिल्यांदाच कळलं. नाकातोंडाला ऑक्सिजन लावला होता. एक हात पोटावर, मूठ मिटलेली. वर्दीतला एक तरुण माणूस वाकून त्यांना काही विचारत होता. इंग्रजीतून जमेना म्हणून त्याने हिंदीतून विचारलं, आमच्याकडे हात करून. "मॅडम, ये बच्चे कौन हैं?"

बाईंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. नर्सने तो परत लावला. त्यांनी पुन्हा काढला. डोळे मोठे झाले होते. पेस्ट कंट्रोलवाल्यापुढेही इतके मोठे झाले नसतील.

"मेहमान," त्या म्हणाल्या. "खाना खाने आए थे."

त्या माणसाने आमच्याकडे पाहिलं. करीमने मान हलवली. अ‍ॅनने हलवली. सईने हलवली. मग मीही हलवली.

"ठीक है मॅडम," तो म्हणाला. "इनके माँ-बाप को फोन करना है, इसलिए पूछा."

बाईंना ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. गाडीचं दार लागलं. त्यांचा नवरा रस्त्याच्या पलीकडून धावत येत होता, तोवर गाडी निघाली होती.

शिकवणीबद्दल आम्हाला तेव्हा कोणी विचारलं नाही, नंतरही नाही.

बाईंच्या छातीत धूर फार गेला होता. दवाखान्यात काही दिवस काढून त्या गेल्या. सई जगली, करीम जगला, अ‍ॅन जगली. मी जगले.